गाडीच्या नकाशात आपल्या खुणा

"नागोठणं सोडलंस की वाकण फाटा लागेल. तिथून पालीकडं वळ. पुढं डाव्या हाताला पिंपळाचा पार दिसेल. पाराला वळसा घालून फरशी ओलांडलीस की तिसरं घर. नाही सापडलं तर कुणालाही विचार, सांगतील."

काकूंनी फोनवर सांगितलेला हा पत्ता. गावाकडच्या माणसाला यात काहीच अवघड नाही. फाटा, पार, फरशी, तिसरं घर, चार खुणांत माणूस दारात उभा राहतो. पण गाडीतल्या कंपनी फिटेड नकाशाला यातली एकही खूण ठाऊक नव्हती. त्याला नागोठण्याचा पेट्रोल पंप माहीत होता, दोन बँकांची एटीएम माहीत होती, हायवेवरची हॉटेलं माहीत होती. ज्याच्या धंद्याला नकाशावर असणं परवडतं, तो नकाशावर असतो. पार कुणाच्या धंद्याचा नाही, म्हणून तो नकाशात नाही.

बऱ्याच गाड्यांच्या नेव्हिगेशनमध्ये आपल्याला आपल्या खुणा भरता येतात. ही सोय गाडी घेताना कुणी दाखवत नाही, आणि गाडीबरोबर आलेल्या जाड पुस्तकात ती शेवटी कुठंतरी असते. हातात फोन असताना एवढा खटाटोप करावा का, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. मी हा खटाटोप दोन वर्षं केला, तरी त्याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही.

खुणा भरण्याचे मार्ग दोन. पहिला सोपा: त्या जागी गाडी उभी करायची, स्क्रीनवरचं 'सेव्ह' दाबायचं, नाव द्यायचं. दुसऱ्याला जरा बैठक लागते. घरी संगणकावर यादी करायची, दर ओळीत एका जागेचे अक्षांश-रेखांश आणि नाव. मग ती फाइल गाडीला चालेल अशा रूपात पेन ड्राइव्हवर घ्यायची. कुठं साधी सीएसव्ही चालते, कुठं जीपीएक्स, कुठं केएमएल, कुठं कंपनीचाच स्वतंत्र प्रकार. पेन ड्राइव्ह एफएटी ३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला लागतो आणि फोल्डरचं नाव एका अक्षरानं चुकलं तरी गाडी त्याच्याकडं ढुंकून बघत नाही. सगळं जमलं की पेट्रोल पंप आणि रुग्णालयं यांच्या शेजारी आपला नवा गट दिसू लागतो. काही यंत्रांत त्या जागेच्या जवळ आल्यावर घंटी वाजवण्याचीही सोय असते. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत फक्त पहिलाच मार्ग मिळतो. दुसरा रुळला आहे तो युरोपीय बनावटीच्या काही गाड्यांत, आणि काचेवर चिकटवायच्या गार्मिन, टॉमटॉमसारख्या यंत्रांत.

या दुसऱ्या मार्गावरची एक ठेच सांगायला हवी, कारण जवळजवळ प्रत्येकाला ती लागते. फोनवरच्या नकाशातून जागेचे आकडे उचलले तर आधी अक्षांश येतो, मग रेखांश. पुणं म्हणजे १८.५२, ७३.८५. पण केएमएल फाइलला आणि गार्मिनच्या सीएसव्हीला रेखांश आधी हवा असतो. माझी पहिली यादी मी रात्री पार्किंगमध्ये बसून गाडीत चढवली आणि पुण्यातल्या पहिल्याच खुणेसमोर हजारो किलोमीटरचं अंतर दिसलं. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की ७३.८५ उत्तर आणि १८.५२ पूर्व ही जागा निघते. नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्यामध्ये बेअर आयलंड नावाचं छोटं बेट आहे, त्याच्या दक्षिणेचा हा गारठलेला समुद्र. एवढी मोठी चूक बरी, ती लगेच दिसते. धोका लहान चुकीत आहे. ट्रेकच्या जुन्या पुस्तकांत अंश, मिनिटं, सेकंद असे आकडे असतात. १८ अंश ३१ मिनिटं १२ सेकंद म्हणजे दशांशात १८.५२. घाईत कुणी ते १८.३११२ असं लिहिलं तर खूण सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला सरकते. तिथंही रस्ता असतो, गाव असतं, आणि गाडी आपल्याला आज्ञाधारकपणे चुकीच्या गावी नेते. म्हणून यादी चढवल्यावर प्रत्येक खूण एकदा डोळ्यांनी नकाशावर पाहिल्याशिवाय तिच्या भरवशावर निघू नये.

एवढं करून मिळतं काय? तामिणीत, वरंध्यात, आंबेनळीत, माळशेजला फोनची रेंज जाते. फोनमध्ये आधी नकाशा उतरवून ठेवता येतो हे खरं, पण ते निघण्यापूर्वी आठवावं लागतं, आणि आठवत नाही ते नेमकं तिथंच. गाडीतला नकाशा गाडीतच असतो. उपग्रहाचा संकेत भाताणच्या बोगद्यात तुटला तरी बऱ्याच गाड्या चाकांच्या फेऱ्या आणि वळणाचा अंदाज घेऊन स्क्रीनवरचा बाण पुढं सरकवत राहतात. शिवाय गाडीत खूण शोधताना कुणाचा फोन येत नाही, कुणाचा संदेश नकाशावर येऊन बसत नाही.

दुसरा फायदा आपल्या गावांच्या नावांमुळं होतो. वडगाव म्हटलं तर मावळ, शेरी की बुद्रुक? पिंपळगावं किती, ती मोजायलाच नकोत. त्यातून स्क्रीनवर लिहायचं रोमन अक्षरांत. नवी मुंबईतली वाशी आणि धाराशिव जिल्ह्यातली वाशी मराठीत एकच, इंग्रजीत एकीला 'व्ही', दुसरीला 'डब्ल्यू'. चालू गाडीत हे कोडं सोडवणं म्हणजे अपघाताला बोलावणं. आपण दिलेल्या नावाची खूण असली की हे कोडं घरीच, उजेडात, चहा घेत सुटलेलं असतं.

तिसरा फायदा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो आणि तो म्हाताऱ्या माणसांचा आहे. माझे सासरे सत्तरी ओलांडून पुढं गेले आहेत. गाडी अजून नीट चालवतात. पण फोन जोडणं, त्यावर पत्ता टाकणं, मध्येच स्क्रीन बंद झाली तर पुन्हा उघडणं, यात त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. मागच्या दिवाळीत त्यांच्या गाडीत मी सात खुणा भरून दिल्या. डोळ्यांचे डॉक्टर, हृदयाचे डॉक्टर, रात्रभर उघडं असणारं औषधांचं दुकान, आमचं घर, त्यांच्या धाकट्या बहिणीचं घर, गाडीचं सर्व्हिस सेंटर आणि सिग्नल नसलेला घरी परतायचा रस्ता जिथून सुरू होतो तो चौक. शेवटची खूण त्यांनीच मागितली. म्हणाले, "तिथवर पोचलो की पुढचं मला पाठ आहे." दोनदा बोट लावलं की गाडी रस्ता दाखवायला लागते. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी कुणी एवढंच केलं आणि बाकी सगळं सोडून दिलं, तरी या सोयीचं चीज झालं असं मी म्हणेन.

आता दुसरी बाजू. तीही तितकीच खरी आहे.

खूण म्हणजे रस्ता नव्हे. गाडीतला नकाशा जुना असेल तर त्यावर नवी खूण ठोकून काही साधत नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये. ज्या गाडीचा नकाशा त्याआधीचा आहे, तिच्या स्क्रीनवर समृद्धीवरची गाडी कापसाच्या रानातून धावताना दिसते आणि अटल सेतूवरची थेट खाडीतून. अशा नकाशात महामार्गावरचा पेट्रोल पंप म्हणून आपण खूण केली तर तो पंप रानात उभा राहतो. गाडी आपल्याला जवळच्या जुन्या रस्त्यापर्यंत नेते आणि तिथून सरळ रेष काढून मोकळी होते. त्या नकाशात औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर हीच नावं असतात. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव किंवा अहिल्यानगर शोधलं तर काहीच सापडत नाही. नकाशाचं अपडेट घेणं हे पहिलं काम. कंपनी ते देत नसेल, किंवा आपल्या मॉडेलसाठी देणं तिनं बंद केलं असेल, तर तिथं फोनच वापरावा.

आणि खूण मार्ग बदलत नाही, ही याहून गंभीर गोष्ट. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या अंधारात एक गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली आणि चालकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली कोसळली, तिघे गेले. दोन्ही वेळा फोनवरचं नेव्हिगेशन चालू असल्याचं बातम्यांत आलं होतं. या बातम्या वाचल्यावर मी काकूंच्या वाटेवरच्या फरशीवर घंटीची खूण केली आणि नावातच लिहिलं, 'फरशी, जून ते सप्टेंबर पाणी'. पण मार्ग काढणाऱ्या यंत्रणेला हे कळत नाही. घंटी वाजते, आणि त्याच वेळी बाई सांगत राहतात की सरळ चला. सूचना दोन, स्क्रीन एक. बाहेर पाऊस कोसळत असताना कुणाचं ऐकायचं हे ठरवणं माणसावरच येतं. ही खूण म्हणजे संरक्षण नाही, फार तर आठवण आहे. हे न समजता खुणा भरणारा माणूस खुणा न भरणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात असतो, कारण त्याला वाटतं आपण बंदोबस्त केला आहे.

खुणा शिळ्याही होतात. ढाबा बंद पडतो, डॉक्टर दवाखाना हलवतात, फरशीच्या जागी पूल होतो. फोनवरच्या नकाशात ही दुरुस्ती हजारो अनोळखी माणसं करत असतात. गाडीतल्या यादीत ती एकट्यालाच करावी लागते. म्हणून यादी लहान हवी. मी सुरुवातीला १४० जागा भरल्या होत्या. सध्या ३२ आहेत, आणि दर वर्षी पावसाळ्याआधी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवतो. यंत्रात शेकडो खुणा मावतात हे खरं, पण एका माणसाच्या हातून किती ताज्या राहतील हा हिशेब वेगळा.

वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांच्या खुणांचा उल्लेख टाळता येणार नाही. जगभर तयार याद्यांमध्ये सर्वांत जास्त मागणी याच खुणांना आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेरे आल्यापासून आपल्याकडंही अशा फाइली हातोहात फिरू लागल्या आहेत. बाजू घेणारे म्हणतात, कॅमेऱ्याचा हेतू वेग कमी करणं हा असेल तर आधी कळल्यानं वेग कमीच होतो, मग बिघडलं कुठं? मुद्दा बाजूला टाकण्यासारखा नाही. पण त्या खुणेच्या आधारानं चालवणारा माणूस कॅमेऱ्याच्या आधी ब्रेक दाबतो आणि कॅमेरा ओलांडला की पुन्हा पाय दाबतो, हे त्या रस्त्यावर रोज दिसतं. मागच्या गाडीला तो अचानकचा ब्रेक घातक. जर्मनीत चालकानं अशी सूचना देणारं साधन वापरण्याला कायद्यानंच मनाई आहे. फ्रान्सनं २०१२ पासून नेमका कॅमेरा दाखवायला बंदी केली आणि त्याऐवजी 'धोक्याचा पट्टा' दाखवण्याची मोकळीक ठेवली. मला फ्रान्सचा विचार पटतो. अपघातप्रवण वळणाची, शाळेच्या फाटकाची, गुरं आडवी येतात त्या पट्ट्याची खूण मी करतो. कॅमेऱ्याची करत नाही.

सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारा प्रश्न मात्र या सगळ्याच्या पलीकडचा आहे. खूण आपल्या गाडीत ठेवायची की सगळ्यांच्या नकाशावर?

आपल्या देशात जागेला नाव आणि क्रमांक देण्याच्या कामात मराठी माणसाचा मोठा हात आहे. १५ ऑगस्ट १९७२ पासून वापरात आलेला सहा आकडी पिन कोड ही श्रीराम भिकाजी वेलणकर यांची योजना. वेलणकर टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या भाषांतले पत्ते, न लागणारी अक्षरं, यांतून पत्र योग्य दारी जावं म्हणून आकडे आले. काकूंच्या पत्त्यानं माझ्यापुढं जी अडचण उभी केली तीच पन्नास वर्षांपूर्वी टपाल खात्यापुढं होती. त्या खात्यानं मे २०२५ मध्ये डिजिपिन आणला: देशाची जमीन सुमारे चार मीटरच्या चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीला दहा अक्षर-अंकांचा पत्ता. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र त्यात सहभागी आहेत. फरशीपलीकडचं तिसरं घर आता दहा चिन्हांत सांगता येतं. गाडी बनवणाऱ्यांनी हा पत्ता स्क्रीनवर थेट लिहिता येईल अशी सोय दिली तर निम्मी कटकट संपेल.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं नकाशांवरचे बरेच निर्बंध उठवले, त्यामुळं नकाशा करणं हे आता सरकारी कपाटातलं काम राहिलेलं नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर कुणालाही खूण घालता येते, आणि त्याच माहितीवर चालणारी ऑर्गॅनिक मॅप्स, ऑसमॅण्ड यांसारखी ॲप रेंज नसतानाही चालतात. एक पथ्य तेवढं पाळायचं: दुसऱ्या कंपनीच्या नकाशातून उचललेले आकडे तिथं घालायचे नाहीत, स्वतः जाऊन पाहिलेली जागाच घालायची. एखाद्या फाट्यावरचा पंक्चरवाला, रात्री उघडा असणारा दवाखाना, पिण्याच्या पाण्याची टाकी, पालखी मार्गावर वाल्ह्याच्या किंवा बरडच्या मुक्कामाजवळ गाडी उभी करायची जागा, ही माहिती माझ्या एकट्याच्या गाडीत कोंडून ठेवणं मला चुकीचं वाटतं. तिथून जाणाऱ्या दुसऱ्या कुणाला ती त्या रात्री माझ्यापेक्षा जास्त लागणार असते.

पण सगळंच सगळ्यांसाठी उघडं करावं असंही नाही. एखादी देवराई, गावकऱ्यांनी जपलेला ओहोळ, दरडीखालचा धबधबा यांची खूण नकाशावर पडली की दोन पावसाळ्यांत तिथं काय होतं ते आपण सह्याद्रीत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ज्यांची ती जागा आहे त्यांना विचारल्याशिवाय मी तशी खूण कुठंच टाकत नाही. आणि माणसांची घरं तर मुळीच नाहीत.

घरांवरून आणखी एक गोष्ट. गाडीतली यादी म्हणजे आपल्या आयुष्याचा आराखडा असतो. मुलीचं वसतिगृह, आईचा दवाखाना, रोजचं ऑफिस, सगळं नावानिशी. गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात, डिकीतलं सामान काढलं जातं, आरशाला लावलेला गणपतीही उतरवला जातो, पण स्क्रीनमधली यादी पुसायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. मी घेतलेल्या जुन्या गाडीत आधीच्या मालकाच्या नातेवाइकांचे पत्ते जसेच्या तसे होते. ते पुसताना मला कुणाच्या तरी कपाटात डोकावल्यासारखं वाटलं. नव्या, इंटरनेटला जोडलेल्या गाड्यांत तर ही यादी कंपनीकडंही जाऊ शकते. मोझिला फाउंडेशननं २०२३ मध्ये २५ मोटार ब्रँड तपासले आणि खासगीपणाच्या कसोटीवर त्यांतला एकही उतरला नाही. 'घर' अशी खूण करताना मी स्वतःच्या दाराऐवजी सोसायटीबाहेरचा चौक निवडतो. पुढचं मलाही पाठ आहे.

गाडी बनवणाऱ्यांकडं मागणं फार मोठं नाही. साधी सीएसव्ही किंवा जीपीएक्स फाइल प्रत्येक स्क्रीननं वाचावी. नाव देवनागरीत लिहिलं तर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसू नयेत. या देशात गाड्या विकायच्या आणि 'फरशी' हा शब्द स्क्रीनवर उमटू द्यायचा नाही, हे मला मान्य नाही. आणि भरलेली यादी परत बाहेर काढता यावी. आज बहुतेक ठिकाणी खुणा आत जातात, बाहेर येत नाहीत, म्हणून गाडी बदलली की सगळी मेहनत पाण्यात. तोवर मूळ यादी घरच्या संगणकावर ठेवावी आणि गाडीतलीला तिची प्रत समजावं.

मी माझ्यापुरता निवाडा केला आहे. ज्या रस्त्यानं वर्षातून अनेकदा जावं लागतं, ज्या रस्त्यावर रेंज नाही, ज्या माणसाला फोन झेपत नाही, तिथं गाडीत खुणा भराव्यात, मोजक्या, स्वतः पाहिलेल्या. शहरातल्या रोजच्या वाहतुकीत फोन सरस आहे, त्याच्याशी गाडीनं स्पर्धा करू नये. आणि ज्या खुणेवर दुसऱ्याचा जीव किंवा वेळ अवलंबून आहे ती आधी सगळ्यांच्या नकाशावर घालावी, मग आपल्या.

गेल्या मे महिन्यात काकूंकडं गेलो तेव्हा फरशीवर उतरून उभा राहिलो. पाणी घोट्याएवढंही नव्हतं. काठावरच्या दगडावर मागच्या पुराची रेघ माझ्या कमरेच्या वर होती. तिथूनच फोनवर ओपनस्ट्रीटमॅप उघडून ती जागा नोंदवली, पावसाळ्यात पाण्याखाली जाते असं लिहिलं. पारही घातला. काकू दारातून हाक मारत होत्या, जेवायला चल म्हणून. त्यांचं घर मात्र फक्त माझ्या गाडीत आहे, रोमन अक्षरांत, कारण स्क्रीनला 'काकू' लिहिता येत नाही.